तिसरी बंदूक जाते कुठे?

१४ डिसेंबर २०१९ रोजी देशातल्या काही घरांतली एकेक बंदूक रातोरात जास्तीची ठरली. बंदूक तीच, मालक तोच, परवान्याची पुस्तिकाही तीच. आदल्या दिवसापर्यंत एका माणसाला तीन बंदुका बाळगता येत होत्या. शस्त्र अधिनियमातली दुरुस्ती लागू झाली आणि तीनाचे दोन झाले. तिसरीसाठी एक वर्षाची मुदत होती. तेवढ्यात ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची, सैन्यातल्या माणसाने आपल्या युनिटच्या शस्त्रागारात, आणि वर्ष संपल्यावर ९० दिवसांत ती परवान्यावरून उतरायची. मूळ विधेयकात तर एकाच बंदुकीची मुभा होती. बराच विरोध झाला तेव्हा आकडा दोनवर आला.

हेतू सरळ होता: बंदुका कमी व्हाव्यात. पण कागदावरचा आकडा बदलला की माणसं, बाजार आणि सरकारी कचेऱ्या आपापली सोय बघतात, आणि त्या सोयीतून जे घडतं ते विधेयकाच्या उद्देशांत कुठेच लिहिलेलं नसतं. बंदुकीच्या नोंदणीबाबत तर हे जगभर झालं आहे.

नोंद कुणाच्या वहीत

आपल्याकडे माणसाची आणि शस्त्राची नोंद एकत्र होते. आधी अर्ज, चारित्र्य पडताळणी आणि परवाना. मग ठरलेल्या मुदतीत दुकानातून खरेदी. मग ते शस्त्र परवाना शाखेत दाखवायचं आणि त्याचा क्रमांक पुस्तिकेत चढवून घ्यायचा. विकायची वेळ आली तर तीही नोंद. म्हणजे कायदेशीर बंदूक जन्मापासून कुणाच्या तरी नावावर असते. निदान असायला हवी.

हे नाव कोणत्या कचेरीत लिहिलेलं असतं, हा ठाणे जिल्ह्याच्या बाबतीत चांगलाच गुंत्याचा प्रश्न आहे. जिथे पोलीस आयुक्तालय आहे तिथे परवाना पोलीस आयुक्त देतात, बाकी भागात जिल्हाधिकारी. ठाणे शहर आयुक्तालय १९८१ चं. त्यात ठाण्याबरोबर भिवंडी, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ-बदलापूर येतात. नवी मुंबईचं आयुक्तालय १९९४ मध्ये आलं. त्यात ऐरोली ते बेलापूर हा ठाणे जिल्ह्यातला पट्टा आहे आणि पनवेल-उरण हा रायगडातलाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. २०२० मध्ये मीरा-भाईंदर, वसई-विरार असं आणखी एक आयुक्तालय उभं राहिलं. मुरबाड-शहापूर मात्र अजून जिल्हाधिकाऱ्यांकडे.

आता मीरा रोडच्या एखाद्या परवानाधारकाचा विचार करा. त्याने घर बदललं नाही, कायद्याचं एक अक्षरही बदललं नाही, पण त्याचा परवाना अधिकारी जिल्हाधिकाऱ्यांऐवजी पोलीस आयुक्त झाला. त्याची फाइल एका कचेरीतून दुसरीकडे जायला हवी. फायली कशा जातात ते सगळ्यांना ठाऊक आहे. घर बदलणाऱ्याची तऱ्हा वेगळी. कळव्याचा माणूस शस्त्रासह खारघरला राहायला गेला तर नव्या आणि जुन्या अशा दोन्ही परवाना अधिकाऱ्यांना कळवणं त्याचं काम. वीजमीटर आणि गॅस जोडणीचं नाव बदलण्याच्या धावपळीत हे राहून जातं आणि नूतनीकरणाच्या वेळी उघडं पडतं.

हा विस्कळीतपणा मोडायला केंद्राने राष्ट्रीय माहितीसाठा उभारला. प्रत्येक परवानाधारकाला एक युआयएन, म्हणजे देशभर एकमेव असा क्रमांक द्यायचा आणि तो नसेल तर परवाना अवैध समजायचा, असं ठरलं. कल्पना चांगलीच होती. प्रत्यक्षात मुदत पुन्हा पुन्हा वाढवावी लागली, कारण वहीतली माणसं समोर येईनात. काही वारली होती, काही गाव सोडून गेली होती, काहींच्या नावात स्पेलिंगचा घोळ होता. गावच्या सातबाऱ्यावर वारून वीस वर्षं झालेल्या आजोबांचं नाव तसंच असतं, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की सातबाऱ्यावर जुनं नाव राहिलं म्हणून कुणी तुरुंगात जात नाही. इथे मुदत उलटली की कपाटातली दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, त्याच जागी पडल्या पडल्या बेकायदा होते.

आणि वहीत नाव आलं म्हणजे ते खरंच असतं असंही नाही. जम्मू-काश्मीरमधल्या परवाना घोटाळ्यात, सीबीआयच्या म्हणण्यानुसार, २०१२ ते २०१६ या काळात २.७८ लाखांहून जास्त परवाने अपात्र लोकांना दिले गेले. मुंबई-ठाण्यात सराफ पेढ्यांपुढे आणि रोकड नेणाऱ्या गाड्यांवर दिसणारे अनेक बंदूकधारी रक्षक परराज्यातला परवाना घेऊन आलेले असतात, म्हणून ही बातमी आपल्यापासून तेवढी लांबची नाही. केंद्रीय साठा कितीही नेटका असला तरी त्यात माहिती भरतो तो कुठल्यातरी जिल्ह्यातला कारकून.

कोणती बंदूक आधी सुटते

आता त्या तिसऱ्या बंदुकीकडे येऊ. समजा, मुरबाडकडचं एक शेतकरी घर आहे. घरच्या कर्त्या माणसाच्या परवान्यावर तीन शस्त्रं: आजोबांच्या वेळची ठासणीची बंदूक, रानडुकरांपासून पीक राखायला वडिलांनी घेतलेली बारा बोअरची दुनळी, आणि कल्याणला जमिनीचे व्यवहार सुरू झाल्यावर स्वतः घेतलेलं .३२ चं रिव्हॉल्व्हर. कायदा म्हणतो, एक काढा. तो कोणती काढेल?

ठासणीची जाईल, कारण तिला कुणी वापरतच नाही. उद्या आकडा एकवर आला तर दुनळी जाईल. रिव्हॉल्व्हर शेवटपर्यंत राहील. ते महाग आहे, मिळायला अवघड आहे आणि कमरेला लावता येतं. शेतावरच्या लांब नळीच्या बंदुका भांडणात कमी आणि माळ्यावर जास्त असतात. रस्त्यावरच्या वादात, पार्किंगच्या बाचाबाचीत, जमिनीच्या बैठकीत बाहेर निघतं ते कमरेचं शस्त्र. म्हणजे मर्यादा कमी केल्यावर एकूण संख्या घटते, पण उरलेल्या ढिगात धोकादायक जातीचं प्रमाण वाढतं. मोजणाऱ्याने फक्त आकडा मोजला तर हे दिसणारच नाही. माझ्या मते या दुरुस्तीची सगळ्यात दुर्लक्षित बाजू हीच आहे. शस्त्राचा प्रकार न बघता नुसती संख्या बांधली की निवड मालकाच्या हाती जाते, आणि मालक समाजाच्या सोयीने निवडत नाही.

दुसरा परिणाम बाजारातला. सोडलेली दुनळी विकायची तर घेणाराही परवानाधारकच हवा, आणि त्याच्या परवान्यावर जागा हवी. एकाच कलमाने हजारो विक्रेते तयार केले आणि त्याच कलमाने गिऱ्हाइकांच्या जागा कमी केल्या. अशा वेळी जुन्या बंदुकीचा भाव काय राहणार? शस्त्रविक्रेत्याकडे ठेवली तर साठवणुकीचं भाडं चढत राहतं, पोलीस ठाण्यात ठेवली तर मुद्देमालाच्या खोलीत कोकणपट्टीची दमट हवा तिच्या नळीला खात राहते.

भाव कोसळण्याच्या उलट, भाव गगनाला भिडल्याचा अनुभवही आपल्याकडे आहे. सामान्य परवानाधारकासाठी परदेशी बंदुकांची आयात १९८०च्या दशकात बंद झाली. नेमबाजांना वगैरे सवलती राहिल्या. परिणाम असा की आयातबंदीच्या आधी आलेली जुनी परदेशी पिस्तुलं इथे लाखांत जातात. तेच पिस्तूल त्याच्या मायदेशात जुन्या बाजारात किरकोळ पैशांत मिळतं. बंदीने पिस्तूल नाहीसं झालं नाही. त्याचं दागिन्यात रूपांतर झालं.

अमेरिकेत हेच आणखी ठळकपणे घडलं. १९८६ च्या कायद्यात शेवटच्या क्षणी एक कलम घुसलं: १९ मे १९८६ नंतर बनलेली मशीनगन सामान्य नागरिकाच्या नावावर नोंदता येणार नाही. आधी नोंदलेल्या मात्र चालतील, विकताही येतील. वही बंद झाली, पण वहीतली नावं जिवंत राहिली. अशा नोंदलेल्या मशीनगनची संख्या पावणेदोन लाखांच्या आसपास गोठली आणि भाव चढत गेले. एकेकाळी मध्यमवर्गीय शौकिनाला परवडणारी एम-१६ ही लष्करी रायफल आज तीस हजार डॉलरच्या पुढे जाते. सरकारने बंद केलेली नोंदवही गुंतवणूकदारांच्या कामी आली. इतक्या महागड्या, नोंदलेल्या मशीनगनने गुन्हा करणं मात्र कुणाला परवडत नाही, असे गुन्हे तिथे अगदी विरळ आहेत. म्हणजे अनपेक्षित परिणाम वाईटच असतात असं धरून चालू नये.

बोअरचा आकडा आणि कट्टा

अपेक्षा नसताना झालेल्या परिणामांमधला एक आपल्या रोजच्या बातम्यांत असतो, फक्त कुणी तो जोडून बघत नाही. बोअर म्हणजे बंदुकीच्या नळीचं आतलं माप. आपल्या कायद्यात शस्त्रांचे दोन वर्ग आहेत, प्रतिबंधित बोअर आणि अप्रतिबंधित बोअर. सैन्य-पोलीस जी काडतुसं वापरतात, उदाहरणार्थ ९ एमएम, ती सामान्य माणसाला बंद. हेतू असा की सरकारी दारूगोळा बाहेर झिरपला तरी खासगी बंदुकीत चालू नये. म्हणून सामान्य परवानाधारकाच्या पिस्तूल-रिव्हॉल्व्हरचा ठरलेला आकार .३२ झाला. सरकारी आयुध निर्माण्याही नागरिकांसाठी मुख्यतः .३२ चं रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल बनवत आल्या.

आता ठाणे, भिवंडी किंवा पनवेलच्या कुठल्याही गुन्हे शाखेच्या कारवाईची बातमी काढून वाचा. गावठी कट्टा, देशी बनावटीचं पिस्तूल, इतकी जिवंत काडतुसं, आणि बरोबर एक आकडा: ७.६५ एमएम. पिस्तुलाच्या बाबतीत .३२ आणि ७.६५ हे एकाच काडतुसाचे दोन पत्ते आहेत, एक इंचातला, दुसरा मिलिमीटरमधला. जळगावच्या सीमेलगत मध्य प्रदेशातल्या उमर्टीसारख्या गावात भट्टीवर पिस्तूल घडवणाऱ्या कारागिराला नळी बनवता येते. काडतूस बनवणं त्याहून कितीतरी अवघड असतं, ते त्याला कुठूनतरी मिळवावं लागतं. कायदेशीर दुकानांत जे काडतूस आहे तेच गळतीतून मिळण्याची शक्यता जास्त, म्हणून नळी त्या मापाची. सरकारी काडतूस खासगी बंदुकीत जाऊ नये म्हणून काढलेल्या रेषेने गुन्हेगाराच्या शस्त्राचं माप ठरवलं!

म्हणूनच २०१६ च्या शस्त्र नियमांत आणि त्यानंतर काडतुसांच्या हिशोबावर जो भर आहे तो मला योग्य वाटतो, जरी त्याचा जाच प्रामाणिक परवानाधारकाला होतो. देशात दरवर्षी जप्त होणारी बहुतांश अग्निशस्त्रं विनापरवाना असतात. त्या शस्त्रांना कोणतीच नोंदवही लागू नाही. काडतुसाची मात्र कुठेतरी, कधीतरी नोंद झालेली असते.

पण याचा अर्थ परवान्याची बंदूक निरुपद्रवी असते असाही घेऊ नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये उल्हासनगरच्या एका पोलीस ठाण्यात, अधिकाऱ्याच्या केबिनमध्येच, लोकप्रतिनिधीने परवान्याच्या शस्त्रातून गोळ्या झाडल्याचा आरोप असलेलं प्रकरण घडलं. आठवड्याभरात दहिसरला माजी नगरसेवकाचा खून झाला. तिथे वापरलेलं पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या नावावर होतं. एका बाजूला उमर्टी, दुसऱ्या बाजूला हे. दोन्हींसाठी एकच औषध शोधणारा कायदा कुठेतरी चुकणारच.

उशिरा येणाऱ्या माणसाची गोष्ट

शिक्षा वाढवली की लोक घाबरून कायदा पाळतील, हे साधं गणित. २०१९ च्या दुरुस्तीत शिक्षा भरपूर वाढल्या. विनापरवाना साधी बंदूक बाळगल्यास आधी एक ते तीन वर्षं होती, ती दोन ते पाच झाली. प्रतिबंधित शस्त्रासाठी पाच ते दहाची सात ते चौदा वर्षं झाली. लग्न-हळदीत हवेत गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं हा स्वतंत्र गुन्हा झाला, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हे शेवटचं फार आधी व्हायला हवं होतं.

मात्र वाढलेली शिक्षा एका माणसाला उलटं वागायला शिकवते: ज्याच्या हातून आधीच उशीर झाला आहे. नौपाड्यातल्या जुन्या घराचं पुनर्विकासात जाणं ठरलं, माळा रिकामा करताना पत्र्याच्या पेटीत वारलेल्या काकांची बंदूक सापडली, परवान्याची मुदत कधीचीच संपलेली. कायद्याने हे सोपं आहे. शस्त्र बाळगणं बेकायदा झालं की विनाविलंब ते जमा करायचं, कलम २१ तेच सांगतं. पण सापडणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो, 'इतकी वर्षं का नाही आणलीत, असं विचारलं तर?' आणि शिक्षेचा आकडा जितका मोठा तितका तो प्रश्न मोठा. मग कुणीतरी शहाणा सल्ला देतो की खाडीत टाकून द्या. खाडीत टाकलेली बंदूक निदान कुणाच्या हाती लागत नाही. भंगारवाल्याकडे गेलेली लागू शकते.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर १९६८ मध्ये हाच पेच टोकाला जाऊन आला. हेन्स विरुद्ध अमेरिका या खटल्यात आरोपीकडे नळी कापलेली, नोंद नसलेली शॉटगन होती. त्याचं म्हणणं असं: ही माझ्याकडे असणंच गुन्हा आहे. ती नोंदवायला गेलो तर मी स्वतःच गुन्ह्याची कबुली देतो, आणि राज्यघटनेनुसार स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला मला कुणी भाग पाडू शकत नाही. न्यायालयाने सात विरुद्ध एक मताने त्याचं ऐकलं. म्हणजे नोंद न केल्याची शिक्षा कायदेशीर मालकाला होऊ शकली असती, बेकायदा मालकाला नाही. त्याच वर्षी तिथल्या संसदेला कायदा फिरवून लिहावा लागला.

यावर जगात वापरला जाणारा उतारा म्हणजे अभय योजना: ठरावीक काळात बंदूक आणून द्या, प्रश्न विचारणार नाही. ऑस्ट्रेलियाने २०१७ मध्ये अशी देशव्यापी योजना केली, तेव्हा ५७ हजारांहून जास्त बंदुका आल्या. २०२१ पासून त्यांनी ती कायमचीच केली. आपल्याकडे पाणीपट्टी-मालमत्ता कराच्या थकबाकीवर अभय योजना दरवर्षी निघते. बंदुकांसाठीही ती निघायला काय हरकत आहे?

शिक्षेच्या दुसऱ्या टोकाचंही एक उदाहरण देऊन ठेवतो. १९८८ मध्ये शस्त्र अधिनियमात असं कलम आलं की प्रतिबंधित शस्त्राच्या वापराने कुणाचा मृत्यू झाला तर फाशीच, दुसरा पर्यायच नाही. न्यायाधीशाला विचार करायला जागाच न ठेवणारं हे कलम २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंजाब राज्य विरुद्ध दलबीर सिंग या निकालात घटनाबाह्य ठरवलं. सगळ्यात कडक कलमच सगळ्यात आधी गळून पडलं.

कॅनडाची महाग वही

नोंदणीच्या कायद्याचा सगळ्यात जास्त अभ्यासला गेलेला फटका कॅनडाचा. १९८९ मध्ये माँट्रियलच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात १४ स्त्रियांची हत्या झाली. त्या धक्क्यातून १९९५ मध्ये कायदा आला: शिकारीच्या लांब नळीच्या बंदुकांसह प्रत्येक बंदूक नोंदवायची. संसदेला सांगितलं गेलं की खर्च ११.९ कोटी डॉलर, शुल्कातून येणारे ११.७ कोटी, म्हणजे तिजोरीवर बोजा फक्त २० लाख डॉलरचा.

पुढे काय झालं ते पायरीपायरीने बघण्यासारखं आहे. ग्रामीण आणि शिकारी समाज चिडला, अर्ज येईनात. लोकांनी यावं म्हणून शुल्क कमी केलं, माफही केलं. शुल्क गेलं तसं उत्पन्न गेलं. आलेल्या अर्जांत चुका निघाल्या, त्या दुरुस्त करायला माणसं लावली. नियम बदलत गेले तशी संगणकप्रणाली पुन्हा पुन्हा लिहावी लागली. काही प्रांतांनी अंमलबजावणीला नकार दिला, ते काम केंद्रावर आलं. २००२ च्या अखेरीस महालेखापालांनी अहवाल दिला: २००४-०५ पर्यंत खर्च एक अब्ज डॉलरच्या वर जाईल. नोंदणीची सक्ती लागू होता होता ती देशभर थट्टेचा विषय झाली होती, पोलीस दल मात्र तिचा वापर करत होतं आणि ती टिकवा असं सांगत होतं.

२०१२ मध्ये सरकारने लांब नळीच्या बंदुकांची ती वही बंद केली. नुसती बंद नाही, माहितीसुद्धा नष्ट करायची असं कायद्यातच लिहिलं. क्वेबेक प्रांत न्यायालयात गेला: आमच्या नागरिकांची माहिती आम्हाला तरी द्या. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी केंद्राला पुसण्याची मुभा दिली. मग २०१८ मध्ये क्वेबेकने स्वतःची वही पहिल्या पानापासून सुरू केली, तीच माणसं, त्याच बंदुका, नवे अर्ज.

न्यूझीलंडचा प्रवास उलट दिशेने झाला. जुनी नोंद चुकांनी भरली आहे, तिचा उपयोग नाही, असं म्हणत त्यांनी १९८३ च्या कायद्यात बंदुकीऐवजी माणसाला परवाना देण्यावर भर दिला आणि बहुतेक साध्या बंदुका नोंदीबाहेर गेल्या. १५ मार्च २०१९ ला क्राइस्टचर्चच्या मशिदींमध्ये ५१ जणांना मारणाऱ्याकडे परवाना होता. देशात एकूण बंदुका किती आहेत हे त्यानंतर सरकारला नक्की सांगता येईना. जून २०२३ पासून तिथे पुन्हा नोंदवही सुरू झाली आहे.

नोंदच नको म्हणण्याचीही किंमत असते. अमेरिकेत १९८६ च्या त्याच कायद्याने केंद्रीय नोंदवही करायला मनाई केली. आज एखाद्या खुनातल्या बंदुकीचा माग काढायचा तर कारखान्याला फोन, मग घाऊक व्यापाऱ्याला, मग दुकानाला. दुकान बंद पडलं असेल तर त्याचे कागद वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्ग इथल्या केंद्रात जातात. तिथे खोक्यांच्या थप्प्या असतात आणि स्कॅन केलेले कागदही नाव टाकून शोधता येऊ नयेत अशीच व्यवस्था ठेवावी लागते. मिसुरी राज्याने २००७ मध्ये पिस्तूल खरेदीपूर्वीच्या परवान्याची अट काढून टाकली. जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांना त्यानंतर तिथे बंदुकीने होणाऱ्या खुनांचं प्रमाण वाढलेलं आढळलं. नियम सैल करणाऱ्यांनाही अनपेक्षित परिणाम सुटत नाहीत, ही बाजू बंदूकप्रेमी मंडळी सहसा सांगत नाहीत.

वही फुटते तेव्हा

डिसेंबर २०१२ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या एका वृत्तपत्राने दोन काउंट्यांमधल्या पिस्तूल परवानाधारकांची नावं-पत्ते नकाशावर टिंबं काढून छापली. माहिती सार्वजनिक होती, बेकायदा काहीच नव्हतं. चोरांना कुठे बंदूक आहे ते कळलं, कुठे नाही तेही कळलं, आणि नवऱ्यापासून लपून राहणाऱ्या बाईचा पत्ताही त्यात असू शकतो हे नंतर कुणाच्या तरी ध्यानात आलं. राज्याने महिन्याभरात नाव गुप्त ठेवण्याची सोय कायद्यात आणली. जून २०२२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या न्याय विभागाने पारदर्शकतेसाठी संकेतस्थळावर आकडेवारी टाकली आणि त्याच्या मागून सुमारे १ लाख ९२ हजार अर्जदारांची खासगी माहिती उघडी पडली. आपला राष्ट्रीय माहितीसाठा मोठा होत जाईल तसा हा प्रश्न आपल्यालाही पडेल.

निवडणुकीतली बंदूक

ठाणे जिल्ह्यातल्या परवानाधारकाला नोंदणीची आठवण सर्वात जास्त होते ती आचारसंहिता लागल्यावर. शस्त्र जमा करा, अशी नोटीस येते. २०२४ मध्ये आधी लोकसभा, मग विधानसभा, म्हणजे वर्षात दोनदा. इथे नोंद वापरली जाते ती कोणाकडे जायचं हे शोधायला, आणि साहजिकच जो वहीत आहे त्याच्याचकडे जाता येतं. मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं आहे की सरसकट सगळ्यांची शस्त्रं काढून घेता येत नाहीत, छाननी समितीने प्रत्येक प्रकरणाचा विचार करायचा. बँकांच्या रक्षकांना आणि क्रीडा नेमबाजांना सूट असते. तरी ऐन काढणीच्या दिवसांत रानडुकरं शेतात आणि दुनळी पोलीस ठाण्यात, असं होतं. मग शेतकरी कुंपणात वीज सोडतो. त्या तारेला चिकटून माणसं मेल्याच्या बातम्या महाराष्ट्रात नव्या नाहीत. सगळ्या तारा बंदूक जमा केल्यामुळे लागतात असं अजिबात नाही, बहुतेकांकडे बंदूक कधी नव्हतीच. पण एक साधन काढून घेतलं की माणूस दुसरं शोधतो, आणि ते कमी धोक्याचंच असेल याची हमी नसते.

तर, घरात बंदूक सापडली तर

ठाणे-नवी मुंबईत पुनर्विकास जोरात आहे, माळे रिकामे होत आहेत, म्हणून व्यवहारातलं थोडं. वारलेल्या परवानाधारकाची बंदूक हाती लागली तर ती उघडून, झाडून, फोटो काढून बघू नका. पिशवीत घालून लोकलने तर मुळीच नेऊ नका. विनापरवाना शस्त्र घेऊन फिरणं हा वेगळाच प्रश्न उभा करतं. आधी जवळच्या पोलीस ठाण्याला कळवा, शक्यतो वकिलाला किंवा जाणत्या माणसाला बरोबर घेऊन. जुनी पुस्तिका, मृत्यू दाखला आणि वारसाचे कागद जवळ ठेवा. परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडेही जमा करता येते.

वारसाला ती ठेवायची असेल तर स्वतःच्या नावे परवान्याचा अर्ज करता येतो. फक्त त्याच्याकडे आधीच दोन असतील तर वारशाने आलेलीही तिसरी धरली जाते, वडिलोपार्जित म्हणून वेगळी सवलत नाही. परवानाधारक हयात असतानाच हे उरकायचं असेल तर २०१६ च्या नियमांत तशी वाट आहे: वयाची ७० वर्षं झाली किंवा शस्त्र २५ वर्षं बाळगून झालं, यातलं जे आधी होईल तेव्हा वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. ठेवायची नसेल तर परवाना असलेल्या माणसाला विकता येते. ठरलेल्या मुदतीत यातलं काहीच केलं नाही तर ती सरकारजमा होऊ शकते. जमा करताना पावती घ्या. तिच्यावर शस्त्राचा प्रकार, क्रमांक आणि मोजून दिलेल्या काडतुसांची संख्या लिहिलेली आहे का ते तिथेच वाचून बघा. परत मागताना किंवा विकताना पहिला कागद तोच मागतात.